काकांचा अंगठा

आमच्या दारावर सध्या एका परक्या माणसाचा अंगठा आहे. नावाच्या पाटीवर, बरोबर आडनावाच्या डोक्यावर.

पाटी लोखंडाची करून, गॅसच्या ज्योतीनं तापवून तिच्यावर रंग चढवायचा, ही दुर्बुद्धी माझीच. दीड फुटी पत्रा आणला. पत्रा लालभडक असताना लाटतात, तेव्हा त्याच्यावर निळसर राखाडी पापुद्रा धरतो. वर्कशॉपवाले त्याला नुसतं ‘स्केल’ म्हणतात. तो ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून उतरवला. मग पॉलिश पेपर, खरखरीत नंबरापासून बारीक नंबरापर्यंत: ८०, १२०, २२०, ३२०. घासायचं एकाच दिशेनं. हात जरा आडवा गेला की ओरखडा, आणि तो रंगाखाली लपत नाही, उलट नटूनथटून पुढे येतो. तीन रविवार गेले. सोसायटीच्या ग्रुपवर ‘गच्चीत कारखाना कुणी काढलाय?’ अशी विचारणा झाली. तिला सतरा अंगठे मिळाले. अठरावा प्रत्यक्ष यायचा होता.

चौथ्या रविवारी हातमोजे घालून पत्रा थिनरनं पुसला. वर पाणी ओतलं. थेंब न होता सलग पसरलं, म्हणजे तेलाचा अंश नाही. लगेच कोरडा केला आणि ज्योतीची गॅस टॉर्च घ्यायला वळलो, तोच टाकीतलं पाणी बघायला तळमजल्यावरचे काका आले. डोक्याला खोबरेल चोपडलेलं.

“हे काय?”

“पाटी.”

“लोखंडाची? गंजेल.”

“वरून लॅकर मारणार आहे.”

“मग एवढं घासलं कशाला?”

“रंग नीट यावा म्हणून. तापवलं की आधी पिवळट येतो, मग तपकिरी, जांभळा, आणि तीनशे डिग्रीच्या आसपास निळा.”

काका गंभीर झाले. “निळाच हवाय ना? अर्धा डबा ऑइलपेंट पडलाय माझ्याकडे. ग्रिलचा उरलेला.”

“तसा निळा नाही हो. पावसात रस्त्यावर पेट्रोल सांडल्यावर दिसतो ना, तसा.”

“म्हणजे डाग पडल्यासारखा!” काका म्हणाले. “बघू, गुळगुळीत तरी झालंय का.” आणि आंबा दाबून बघावा तसा अंगठा टेकवला.

“अहो, हात नको!”

“का? करंट आहे?”

मी पुन्हा थिनर फिरवला. रागारागात, वरवर. तेवढी चूक माझी. ज्योत फिरू लागली, पत्रा सोनेरी झाला, आणि त्या सोन्यातून रेघान् रेघ स्पष्ट असलेला अंगठा वर आला.

लहानपणी वाड्यात कल्हईवाला यायचा. नवसागराचा धूर उठायचा आणि आम्ही चार हात लांब उभे. भांडं घासून पुसून ठेवलं की त्याला बोट लावायची कुणाची टाप नव्हती. ‘घासता कशाला?’ असंही कुणी विचारलं नाही. तो पैसे घ्यायचा ना! फुकट घासतो तो रिकामटेकडा, त्याच्या पत्र्यावर सगळ्यांचा हक्क. बायकोही म्हणाली, “राहू दे, लांबून कळत नाही.” लांबून बघायला जिन्यात जागा तरी आहे का?

पुन्हा ८० पासून सुरुवात करायची ताकद नव्हती. लॅकर मारला, पाटी लावली.

काल काकांची मुलगी नाशिकहून आली. तिला घेऊन काका तीन जिने चढून वर आले. बेल नाही, काही नाही. दाराआडून आवाज तेवढा आला: “हा माझा. थांब, ठेवून दाखवतो.”

तंतोतंत बसला म्हणे.