टेप गुंडाळून ठेवा

आज संध्याकाळी मैदानावर जे पाहिले त्याला दोन तास उलटून गेले, तरी माझा राग उतरलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. बारा-तेरा वर्षांची एक मुलगी पूर्ण रन-अप घेऊन तिहेरी उडीचा सराव करत होती. मी मोजायला लागले तेव्हापासून तिने अकरा उड्या मारल्या. सातव्या उडीनंतर वाळूतून बाहेर येताना ती डावी टाच जमिनीला लागू देत नव्हती, नुसत्या चवड्यावर चालत होती. टेप धरून बसलेल्या प्रशिक्षकांना ते दिसले नाही आणि मोबाइलवर चित्रीकरण करणाऱ्या वडिलांनाही दिसले नाही, कारण दोघांचे डोळे आकड्यावर होते. "दहाच सेंटिमीटर कमी पडले, अजून एक मार," एवढेच तिच्या कानावर येत होते.

ती चवड्यावरची चाल मी लांबूनही ओळखते. चौदाव्या वर्षी मी अशीच चालत असे. माझे तेव्हाचे प्रशिक्षक प्रत्येक उडी मोजून वहीत लिहून ठेवत, आणि वहीतला आकडा खाली येऊ नये म्हणून मी बुटात टाचेखाली रुमालाची घडी घालून उडी मारत असे. घरी कोणाला सांगितले नाही, मैदानावर तर नाहीच नाही. रुमालाच्या त्या घडीने माझे पुढचे आख्खे वर्ष खाल्ले.

या क्रीडाप्रकारात शरीराचे काय होते, हे मुलांना उड्या मारायला लावणाऱ्यांना तरी ठाऊक असायला नको का? फळीवरून झेप घेतल्यावर पहिली लंगडी त्याच पायावर उतरते, मग ढांग दुसऱ्या पायावर, आणि त्यानंतर वाळूतली उडी. म्हणजे वेगात धावत येऊन दोनदा, दर वेळी एकट्या पायावर, कडक पृष्ठभागावर उतरायचे आणि उतरता उतरताच पुन्हा उसळायचे. कसलेल्या खेळाडूंच्या पायावर त्या क्षणी शरीराच्या वजनाच्या दहापटीहून अधिक भार आल्याचे मोजले गेले आहे. वाढत्या वयात टाचेच्या हाडाचा मागचा भाग अजून कूर्चेनेच जोडलेला असतो आणि पोटरीचा स्नायुबंध नेमका तिथेच ओढ देत असतो. अशा टाचेवर एका संध्याकाळी अकरा उड्या!

आणि इतके करून टेप सांगतो तरी काय? फक्त एकूण अंतर. लहान मुले लंगडी हवी तेवढी लांब घेतात, मग तोल सावरण्यासाठी ढांगेच्या नावाखाली पाय कसाबसा पुढे टेकवतात आणि उरल्यासुरल्या वेगाने वाळूत पडतात. तरीही आकडा कधीकधी वाढतोच, आणि मग तीच सवय मुरते. ब्रिटनच्या जोनाथन एडवर्ड्सने 1995 मध्ये गोथेनबर्ग येथे 18.29 मीटरचा विश्वविक्रम केला, तेव्हा त्याची लंगडी 6.05, ढांग 5.22 आणि उडी 7.02 मीटर होती. ढांग सर्वांत आखूड असली तरी पाच मीटरांच्या वर आहे, आणि शेवटच्या उडीसाठी वेग शिल्लक उरलेला आहे! तेव्हा तो 29 वर्षांचा होता. त्याआधीच्या 1988 आणि 1992 च्या ऑलिंपिकमध्ये त्याला अंतिम फेरीही गाठता आली नव्हती. व्हेनेझुएलाची युलिमार रोहास तर आधी उंच उडी मारत असे. तिहेरी उडीतला तिचा 15.74 मीटरचा महिलांचा विश्वविक्रम 2022 मधला आहे. आपल्याला मात्र तेराव्या वर्षीच आकडा हवा असतो.

मोजमापच नसेल तर मुलांना गोडी लागत नाही, असे कोणी म्हणेल. म्हणू दे, त्यात तथ्य आहे. पण मोजण्यासारखे अंतराखेरीज बरेच काही असते. माझ्याकडे शिकणारी मुले गवतावर, पाच-सात पावलांच्या रन-अपवर तिहेरी उडी मारतात आणि मी पाठ फिरवून उभी राहते. पाय टेकल्याचे आवाज सारख्या अंतराने आले तर उडी जमली. पहिल्या आवाजानंतर लांबलचक शांतता आणि मग दोन आवाज घाईघाईने आले, तर लंगडी जास्त झाली. हे मुलांनाही आठवड्याभरात ऐकू यायला लागते आणि मग तीच एकमेकांना सांगतात, "तुझी ढांग मेली."

लिहिता लिहिता माझ्या त्या जुन्या प्रशिक्षकांवरचा राग मात्र थोडा निवळला आहे. माणूस वाईट नव्हता. शेवटी एकदा बुटातून रुमाल खाली पडला तेव्हा त्यांनी तो उचलला, बराच वेळ हातात धरून ठेवला आणि काही न बोलता वही पिशवीत टाकली. त्यांना कोणी शिकवले नव्हते, त्यांनीही कोणाला विचारले नव्हते. आजचे प्रशिक्षकही बहुधा त्यांच्यासारखेच असतील. अर्थात हे सगळे विचारून घेणे आता तेव्हाइतके अवघड राहिलेले नाही, म्हणून त्यांना माफ करायला माझे मन अजून तयार नाही.

मीही काही बोलले नाही, ही त्यातली सर्वांत बोचणारी गोष्ट. परक्याची मुलगी, परक्याचा सराव, म्हणून कुंपणाशी उभी राहून नुसती मोजत बसले. उद्या त्या वडिलांना गाठणार आहे. उपदेश करणार नाही. एवढेच सांगेन की घरी गेल्यावर मुलीची टाच दोन्ही बाजूंनी अंगठ्याने आणि बोटांनी हलकेच दाबून पाहा. तिने पाय मागे ओढला, तर उड्या बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. आणि एकदा तिच्या बुटात हात घालूनही बघा.