डेकॅथलॉन-हेप्टॅथलॉनला ‘उरलेली’ पोरं पाठवू नका

जिल्हा, विभाग, आंतरमहाविद्यालयीन, कुठल्याही मैदानी स्पर्धेच्या प्रवेशिका भरताना हे दिसतं. शंभर मीटरला, लांब उडीला, गोळ्याला चांगली चांगली नावं आधी टाकून होतात. मग ज्याचा कुठेच नंबर लागत नाही त्याला सांगितलं जातं, "तू डेकॅथलॉनला जा, तिथं गर्दी नसते." मुलींमध्ये हेप्टॅथलॉनचंही तेच. डेकॅथलॉन म्हणजे एकाच खेळाडूने दोन दिवसांत खेळायचे दहा मैदानी प्रकार, हेप्टॅथलॉन म्हणजे सात; सगळ्यांचे गुण मिळवून विजेता ठरतो. माझं मत अगदी उलट आहे. संघातला सगळ्यात वेगवान, पायात उसळी असलेला खेळाडू आधी इथे उतरवा. असं का म्हणतो, ते गुणतक्ता उघडला की कळतं.

१९८५ पासून चालत आलेल्या या तक्त्यात प्रत्येक प्रकाराला स्वतःचं सूत्र आहे. धावण्यात एका ठरलेल्या वेळेतून तुमची वेळ वजा होते, उडीत आणि फेकीत तुमच्या अंतरातून ठरलेला आकडा वजा होतो. जे उरतं त्याचा घात काढायचा आणि स्थिरांकाने गुणायचं. खरी गंमत घातांकात आहे. धावण्यात तो १.८१ ते १.९२, उड्यांमध्ये १.३५ ते १.४२ आणि फेकींमध्ये जेमतेम १.०४ ते १.१०. म्हणजे फेकीत पुढचा प्रत्येक मीटर जवळपास सारखेच गुण देतो, पण धावण्यात जसजसे तुम्ही वेगवान होता तसतसा प्रत्येक दशांश सेकंद महाग होत जातो.

मध्यम दर्जाच्या मुलीचा ढोबळ हिशेब मांडतो. १०० मीटर हर्डल्समध्ये ०.१ सेकंद म्हणजे १४ गुण, २०० मीटरमध्ये तेवढ्यालाच ९. लांब उडीत १० सेंटिमीटर म्हणजे ३० गुण. भाला एक मीटर पुढे गेला तर मिळतात १९, आणि ८०० मीटरमध्ये एक सेकंद वाचवला तर १४. आता सांगा, सरावाचे दोन तास कुठे घालाल? वेग वाढला की हर्डल्स, २०० आणि लांब उडी तिन्ही एकदम सुधारतात. डेकॅथलॉनमध्ये तर १०० मीटर, लांब उडी, ४०० मीटर, ११० हर्डल्स आणि पोल व्हॉल्टचा (बांबू उडीचा) रनअप, निम्मी स्पर्धा वेगावर उभी आहे. फेकीचं तंत्र नंतर शिकवता येतं. वेगाचं तसं नाही.

आपल्याकडचं ठळक उदाहरण तेजस्विन शंकर. उंच उडीत २.२९ मीटरचा राष्ट्रीय विक्रम करणारा हा मुलगा डेकॅथलॉनकडे वळला आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ७६६६ गुणांचा राष्ट्रीय विक्रम करत रौप्य घेऊन आला. त्याला कुणी ‘उरलेला’ म्हणेल? स्वप्ना बर्मनने २०१८ मध्ये जकार्तात ६०२६ गुणांनी हेप्टॅथलॉनचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा उंच उडीत १.८२ मीटर आणि भाल्यात ५०.६३ मीटर अशी तिची कामगिरी होती. दोन प्रकार असे पक्के असले की बाकीचे सांभाळून नेता येतात.

सांभाळून नेणं म्हणजे मुख्यतः शून्य टाळणं. लांब उडीत आणि फेकींमध्ये इथे फक्त तीनच प्रयत्न मिळतात. मुलीची ५.५० मीटर उडी सुमारे ७०० गुणांची असते. तीन फाउल झाले की ते सगळे गेले. २०१५ च्या बीजिंग जागतिक स्पर्धेत ब्रिटनची हेप्टॅथलॉनपटू कॅटरिना जॉन्सन-थॉम्पसन हिचं हेच झालं. २०१८ मध्ये बर्लिनच्या युरोपियन स्पर्धेत फ्रान्सचा डेकॅथलॉनपटू केविन मायर याचंही तेच. हाच मायर सव्वा महिन्यात फ्रान्समधल्या तालाँसला ९१२६ गुणांचा विश्वविक्रम करून गेला. अमेरिकेच्या डॅन ओब्रायनने १९९२ च्या अमेरिकन निवड चाचणीत डेकॅथलॉनमध्ये आघाडीवर असताना पोल व्हॉल्टला थेट ४.८० मीटरपासून सुरुवात केली, तिन्ही प्रयत्न हुकले आणि त्याचं बार्सिलोना ऑलिम्पिक गेलं.

म्हणून पहिल्या उडीचा रनअप मुद्दाम अर्धा पाऊल मागे घ्या. बोर्डाच्या, म्हणजे उडी घ्यायच्या फळीच्या, १५ सेंटिमीटर मागून उडालात तर ४५ गुणांचा तोटा होतो, पण हातात आकडा येतो. हेप्टॅथलॉनमध्ये लांब उडी दुसऱ्या दिवशी सकाळी असते, तेव्हा आदल्या दिवशीच्या २०० मीटरचा थकवा पायात असतो, पाऊल आखडतं, म्हणून आदल्या आठवड्याच्या खुणेवर विसंबू नका. सराव उडीत चेकमार्कवर, म्हणजे रनअपच्या खुणेपाशी, प्रशिक्षकाने स्वतः उभं राहायला हवं.

उंच उडीत इथे पट्टी स्पर्धाभर तीन-तीन सेंटिमीटरनेच वर जाते. १.७० वरून १.७३ म्हणजे सुमारे ३६ गुण. हा आकडा लक्षात ठेवा, कारण २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये हेप्टॅथलॉनला बेल्जियमच्या नफी थियामने ब्रिटनच्या जेसिका एनिस-हिलला ३५ गुणांनी हरवलं आणि २०२४ च्या पॅरिसमध्ये जॉन्सन-थॉम्पसनला ३६ गुणांनी. ऑलिम्पिक सुवर्ण आणि रौप्य यांच्यात उंच उडीच्या एका पायरीएवढं अंतर! तरीही खूप खालून सुरुवात करू नका. दहा-बारा उड्या मारून थकलेल्या पायांनी त्याच संध्याकाळी गोळा टाकायचा असतो आणि २०० मीटर धावायचं असतं. आपल्या सर्वोत्तम उंचीच्या साधारण १५ सेंटिमीटर खालून सुरुवात बहुतेकांना जमते.

शेवटच्या ८०० मीटरला गुण सेकंदांत बदलून खेळाडूच्या हाती द्या. ७० गुणांची आघाडी म्हणजे पाच सेकंद. मग तिला जिंकायला धावायचं नसतं, प्रतिस्पर्धी नजरेच्या टप्प्यात ठेवायची असते. मुलांच्या १५०० मीटरला एक सेकंद सुमारे सहा गुणांचा धरा.

आता आयोजकांना थोडं. एका प्रकारानंतर खेळाडूला पुढच्याआधी शक्यतो किमान ३० मिनिटं आणि दोन दिवसांच्या मध्ये १० तास विश्रांती मिळावी, असं नियमच सांगतो. आपल्याकडे पाहुण्यांच्या भाषणासाठी हीच मिनिटं कापली जातात. एप्रिलच्या उन्हात हर्डल्स संपवून थेट उंच उडीच्या पिटवर उभ्या केलेल्या मुलीकडून काय होणार? सावलीला एक मंडप, पाण्याचा कॅन, केळी, मीठ-साखरेचं पाणी, एवढं तरी ठेवा. वेळ स्टॉपवॉचवर घेत असाल तर १००, २०० आणि हर्डल्सला ०.२४ सेकंद आणि ४०० ला ०.१४ मिळवूनच तक्ता बघा. हर्डल्समध्ये ते न मिळवल्यास एकेका मुलीला ३० हून अधिक गुण फुकट मिळतात, आणि मग तिचा आकडा राज्य स्पर्धेत इलेक्ट्रॉनिक वेळेसमोर कोसळतो.

आणि प्रत्येक प्रकार संपला की एकूण गुण फळ्यावर लिहा. बऱ्याच ठिकाणी ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, बक्षीस समारंभाच्या वेळी कळतात. ८०० मीटरच्या सुरुवातीच्या रेषेवर उभ्या असलेल्या मुलीला आपण किती सेकंदांनी पुढे आहोत हेच माहीत नसेल, तर ती शर्यत आखणार तरी कशी?