एफ म्हणजे फास्ट

आमच्या आईचा संगणक सुरू व्हायला किती वेळ लागतो हे घरात कुणी मिनिटांत सांगत नसे. आई बटण दाबायची आणि आंघोळीला जायची. केस पुसत बाहेर आली की पडद्यावर ठिपक्यांचं चक्र फिरत असायचं. मग ती कपडे वाळत घालून यायची. तोवर आयकॉन आलेले असायचे, पण त्यावर लगेच टिचकी मारायची नाही, असा नियम होता. मारली तर तो बिचकायचा. "याच्यापेक्षा तुला शाळेसाठी उठवणं सोपं होतं," असं आई म्हणायची, आणि मला उठवणं किती अवघड होतं हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

त्यात १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. तशी सूचना पडद्यावर आली. आपण अशा सूचना न वाचता बंद करतो. आईने ती दोनदा वाचली, तारीख वहीत टिपून घेतली आणि मला हाक मारली. विंडोज ११ या यंत्रावर चढेना. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय लागते आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. आईच्या यंत्रात दोन्ही नव्हतं.

इथे एक कबुली देऊन टाकतो. या दुखण्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय मला माहीत होता. त्या संगणकाचा कूर्मावतार मुळात त्याच्या हार्ड डिस्कमुळे होता. आतली तबकडी मिनिटाला ७,२०० वेळा गरगरते, तिच्यावर एक काटा धावत राहतो, आणि मागितलेली गोष्ट तबकडीच्या दुसऱ्या टोकाला असली की तिथवर जातो. ती काढून साधी साटा एसएसडी, म्हणजे आत काहीच न फिरणारी डिस्क, लावायची, विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली घालायची, की तेच यंत्र टुणकन उठून बसलं असतं. पण मी गप्प बसलो. कारण गेली कित्येक वर्षं मी रात्री उशिरापर्यंत संगणक जोडणीचे व्हिडिओ बघत आलोय. अनोळखी माणसं काचेच्या कॅबिनेटमध्ये रंगीत पंखे बसवतात आणि मी त्यांच्याकडे, लोक दुसऱ्यांच्या लग्नाचे अल्बम बघतात तसा बघत राहतो. आता आयतं निमित्त चालून आलं होतं. "नवाच जोडू," मी म्हणालो. "कमी खर्चात होतो."

आईची सबंध नोकरी लेखापरीक्षणात गेली आहे, हे या क्षणी मला आठवायला हवं होतं.

"मंजूर," ती म्हणाली. "वस्तूंची यादी दे. प्रत्येक वस्तूपुढे प्रयोजन. आणि प्रत्येकीची तीन दरपत्रकं."

पहिली यादी मी मोठ्या मनाने केली होती. ग्राफिक्स कार्ड, ६५० वॅटचा पॉवर सप्लाय, काचेचं कॅबिनेट, पाच दिव्यांचे पंखे. दुसऱ्या दिवशी ती लाल शाईने भरून परत आली. आक्षेप क्रमांक एक : ग्राफिक्स कार्ड, प्रयोजन स्पष्ट करावे.

"अगं, चित्र चांगलं दिसतं त्याने."

"कसलं चित्र?"

"गेममधलं."

"मी सॉलिटेअर खेळते. त्यातला बदामचा राजा मला आत्ताही व्यवस्थित दिसतो."

कार्डावर काट बसली. आक्षेप दोन, पंख्यांचे दिवे. संगणक टेबलाखाली राहणार, तर हे दिवे कोण बघणार? मी खाली बघितलं. आक्षेप तीन तर अवघडच होता : "६५० वॅट. कशाला किती लागतात ते लिहून बेरीज करावी." केली. प्रोसेसर जिवाच्या आकांताने पळाला तरी ८९ वॅट. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून पन्नासच्या आसपास. दीडशेच्या आतच आटोपलं.

"मग उरलेले पाचशे गेले कुठे?" आईने चष्म्यावरून बघत विचारलं. या स्वरात विचारल्यावर तिच्या काळात भले भले घाम पुसत असत, असं ऐकून आहे.

"जात नाहीत कुठे. लागते तेवढीच वीज घेतो तो."

"मग एवढा मागितलास का?"

साडेचारशेवर तडजोड झाली. इथे मात्र मी एका मुद्द्यावर अडून बसलो. बिननावाचा, हलका पॉवर सप्लाय घ्यायचा नाही. बाकी सगळीकडे चिकटपणा चालतो, पण इथे केला तर तो एखाद दिवशी जाताना बोर्डालाही सोबत घेऊन जातो. ८० प्लसची मोहोर असलेला हवा. मोहोर म्हटल्यावर आई खूश झाली. तिने अर्थ विचारला. म्हटलं, भिंतीतून घेतलेल्या विजेतली निदान ८० टक्के आत पोचते, बाकीची उष्णतेत जाते.

"वीसच टक्के गळती?" ती म्हणाली. "सज्जन दिसतो."

रॅमच्या वेळी मला वाटलं होतं बरंच समजवावं लागेल. सोळा जीबीची एक पट्टी न घेता आठ-आठच्या दोन का? "दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला एकाच वेळी दोन वाटांनी..." एवढं म्हणेपर्यंत आईने "दोन खिडक्या, दोन रांगा" असं लिहून पुढचं पान उलटलं होतं. कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाला ड्युअल चॅनेल शिकवावं लागत नाही.

मग आली प्रोसेसरची ओळ. इंटेल आय-थ्री १२१००एफ. चार कोअर. २०२२ साली आलेला, पण हिशेब, पत्रव्यवहार आणि नातवाचे एकाच पोजमधले चाळीस फोटो बघायला आणखी कितीतरी वर्षं पुरून उरेल असा.

"बाराहजार शंभर एफ. हा शेवटचा एफ कसला?"

मी व्हिडिओ शेकड्यांनी पाहिले होते. त्या सगळ्यांत हाच प्रोसेसर होता आणि एफवाला बिनएफवाल्यापेक्षा थोडा स्वस्तही पडत होता. एफचा अर्थ बघायला मी कधी थांबलो नव्हतो.

"फास्ट," मी म्हणालो.

आईने रकान्यात लिहिलं : एफ म्हणजे फास्ट (तोंडी खुलासा).

सामान आलं. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून मी बसलो आणि समोर खुर्ची घेऊन, वही मांडीवर ठेवून आई. जो जो खोका उघडे, त्याच्यापुढे बरोबरची खूण. मदरबोर्ड बाहेर काढल्यावर तिने तो नीट निरखला. "मदरबोर्ड का म्हणतात?" मी सांगितलं, सगळे भाग यावर बसतात, सगळ्या तारा इथे येतात. "आणि काही बिघडलं की पहिला संशय हिच्यावरच जात असेल," ती म्हणाली. जातो. अगदी खरं आहे.

या बोर्डाच्या सॉकेटमध्ये १,७०० बारीक पिना असतात, मुंगीच्या मिशांएवढ्या. त्यांच्यावर प्रोसेसर अलगद ठेवायचा. इथवर सगळं हळुवार. नंतर मात्र एक लिव्हर दाबून अडकवायची असते आणि ती इतका जोर मागते, वर करकर असा आवाज करते, की अलगदपणा कशासाठी केला तेच कळत नाही. मी डोळे मिटून दाबली.

"मोडलं?"

"नाही. असाच आवाज येतो."

"मग तुझा चेहरा का असा झालाय?"

प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरला चार प्लॅस्टिकच्या खुंट्या होत्या. तीन बसल्या की चौथी उठायची, चौथी दाबली की पहिली. मग एसएसडी. ही गोष्ट च्युइंगमच्या कांडीएवढी, आणि तिला धरून ठेवतो तो स्क्रू जवळपास मोहरीएवढा. तो हातातून सुटला. फरशीवर एकदा टिण् झालं आणि संपलं. आम्ही दोघं टेबलाखाली गुडघ्यांवर. शेवटी आई उठून शिवणाच्या डब्यातलं लोहचुंबक घेऊन आली.

"आई! लोहचुंबक नको! संगणक आहे!"

"संगणक टेबलावर आहे. स्क्रू जमिनीवर आहे," असं म्हणत तिने खुर्चीच्या पायापाशी चुंबक फिरवलं आणि दुसऱ्याच फेरीत तो चिकटून वर आला. एसएसडीत चुंबकाने बिघडण्यासारखं काही नसतं, हे मला नंतर आठवलं. सांगितलं नाही.

बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवून सगळे स्क्रू आवळल्यावर पाठीमागची पत्रा-चौकट चादरीवर तशीच पडलेली दिसली. ती आधी लावायची असते. सगळं पुन्हा काढलं. त्याबद्दल जास्त बोलत नाही.

समोरच्या बटणाच्या वायरी हा प्रकार ज्याने शोधला त्याला स्वतःच्या आईचा संगणक कधी जोडावा लागला नसावा. दोन-दोन पिनांच्या चिमुकल्या टोप्या, आणि कुठली कुठे लावायची ते बोर्डावर अशा अक्षरांत छापलेलं, की दागिने घडवणारासुद्धा भिंग मागेल. आईने भिंग आणून वाचून दाखवलं, मी चिमट्याने टोप्या बसवल्या. खरं सांगायचं तर त्या अर्ध्या तासात आमचं जितकं जमलं तितकं माझ्या दहावीच्या गणितानंतर जमलं नव्हतं.

बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला. मी टाळी वाजवली. मॉनिटर दोन क्षण विचारात पडला आणि म्हणाला, 'सिग्नल नाही'.

पुढचे तीन तास मी जे जे केलं ते संगणक जोडणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी केलेलं असतं. रॅम काढून पुन्हा घातली. एकच पट्टी घातली. दुसरीच घातली. प्रोसेसरची वीज वेगळ्या तारेने येते, ती नीट बसली आहे ना ते पाहिलं. केबल बदलली. बोर्डावरचा सीआर२०३२चा गोल सेल काढून पाच मिनिटं थांबलो. पंखा प्रत्येक वेळी तेवढ्याच उत्साहाने फिरत होता. सर्वांत राग त्याचा आला.

आई मधेच कधीतरी उठून आतल्या खोलीत गेली होती. जुना संगणक सुरू करून, पाणी पिऊन, सॉलिटेअर मांडून बसली असावी. बऱ्याच वेळाने तिथून हाक आली.

"अरे, इकडे ये. हा संगणक चालूच होता, म्हटलं तुझा एफ बघावा."

"मग?"

"फास्ट नाही. त्या एफमध्ये चित्र दाखवायची सोयच नसते. वेगळं कार्ड लागतं म्हणे."

मी दारातच उभा राहिलो. त्या सगळ्या व्हिडिओंमध्ये ग्राफिक्स कार्ड असतंच. माझ्याही पहिल्या यादीत होतं. आक्षेप क्रमांक एकमध्ये ते उडालं, तेव्हा प्रोसेसरची ओळ पुन्हा तपासायचं ना तिला सुचलं ना मला. अर्थात तिला तसा तोंडी खुलासा मिळाला होता.

"म्हणजे पहिला आक्षेप मागे घ्यावा लागणार," आई म्हणाली. "पण मंजूर रक्कम संपली आहे."

घरात एकच ग्राफिक्स कार्ड होतं. माझ्या संगणकातलं. जीटीएक्स १६५०, दोन वर्षं पैसे साठवून घेतलेलं. माझ्या प्रोसेसरमध्ये चित्राची सोय आतच होती, त्यामुळे माझं काम कार्डाशिवाय भागणार होतं, निदान असं मी स्वतःला समजावत स्क्रू काढले. आई शेजारी उभी होती.

"याला किती वॅट?"

"७५. बोर्डाच्या खाचेतूनच घेतं, वेगळी तार नको."

"म्हणजे साडेचारशेत आरामात बसतं." ती जराशी थांबली. "मग त्या दिवशी ६५० कशाला मागत होतास?"

कार्ड बसलं, मॉनिटर उजळला. आता आईचे पत्ते ज्या कार्डावर पिसले जातात त्याच्यावर मी एकेकाळी डोंगररस्त्यांवरून गाड्या पळवायचो. माझ्याकडे ती गाडी आता पायी चालते.

विंडोज घालणं वगैरे सोपं गेलं. जास्त वेळ गेला तो आयकॉनमध्ये. आईने जुन्या पडद्याचा नकाशा कागदावर काढून ठेवला होता आणि प्रत्येक आयकॉन त्याच जागी हवा होता. रिसायकल बिनसुद्धा एक रेघ इकडे-तिकडे नको. अक्षरं मोठी केली. नवा संगणक वीसेक सेकंदांत तयार होतो, त्यामुळे एक वेगळीच पंचाईत झाली. आई सवयीने बटण दाबून आंघोळीला जाते. परत येते तोवर तो तयार होऊन, वाट पाहून, कंटाळून झोपलेला असतो आणि उठवलं की पासवर्ड मागतो.

गेल्या आठवड्यात तिने डेडस्टॉक रजिस्टर काढलं. हो, घरच्या वस्तूंचं आहे. जुना संगणक निर्लेखित करायचा होता आणि कारणाचा रकाना रिकामा होता.

"काय लिहू? नादुरुस्त? चालू तर आहे."

"फार हळू आहे, असं लिही."

"कशामुळे हळू?"

"हार्ड डिस्क," मी बोलून गेलो.

"ती बदलता येते?"

माझ्या खणात एक जुनी साटा एसएसडी पडून होती. ती तिथे आहे हे आईला माहीत होतं. तिच्या रजिस्टरमध्ये नोंद होती. दोन वायरी काढल्या, दोन लावल्या, लिनक्स मिंट घातलं. आई मनगटावरचं घड्याळ समोर धरून बसली. मी बटण दाबलं. तिला आंघोळीचं सोडा, खुर्चीतून उठायलाही वेळ मिळाला नाही.

तिने घड्याळ पाहिलं. जुन्या संगणकाकडे पाहिलं, नव्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"हे तुला आधी माहीत होतं?"

"अगं, म्हणजे त्याचं असं आहे की..."

"तोंडी नको," रजिस्टर माझ्याकडे सरकवत ती म्हणाली. "लेखी दे."