विमानाचं पोट

आम्ही घाटकोपर पश्चिमेला चौथ्या मजल्यावर राहतो. पूर्वेकडून धावपट्टीवर उतरणारी विमानं आमच्या गच्चीवरून जातात, आणि इतकी खालून, की टीव्हीवरच्या प्रत्येक संवादातला एखादा शब्द त्यांच्या पोटात जातो. आईने गेली कित्येक वर्षं सगळ्या मालिका रिकाम्या जागा भरत पाहिल्या आहेत. पाहुणे दचकतात. आम्ही मात्र वाक्याच्या मध्येच थांबतो, विमान जाऊ देतो आणि पुढच्या शब्दापासून भांडण चालू ठेवतो.

चिरंजीव याच आवाजात वाढले. वय दहा, इयत्ता पाचवी. त्याला विमान ओळखता येतं ते चाकांवरून. चौदा चाकं दिसली की बहुधा ट्रिपल सेव्हन, म्हणजे बोइंग ७७७. सहा असतील तर एअरबस ए-३२० नाहीतर बोइंग ७३७; मग इंजिनाचं तोंड बघायचं, खालून चपटं असेल तर बोइंग. पाढे विचारले तर ह्याच मुलाला तेराच्या पुढे ताप येतो.

तर यंदा वाढदिवसाला त्याने विमान जोडायचा किट मागितला. सायकल मागितली असती तर परवडलं असतं, कारण सायकलीबद्दल आमच्या घरात कुणाला मतं नाहीत.

मेहुणा फोनवरच गरजला, "स्पिटफायर! पहिलं मॉडेल म्हणजे स्पिटफायर, दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान. किट बनवणाऱ्या एअरफिक्स कंपनीने पहिलं विमान काढलं तेसुद्धा स्पिटफायरच." ह्या माणसाने स्वतः आयुष्यात पाकिटाला तिकीट धड चिकटवलेलं नाही. खालच्या मजल्यावरचे काका एअरफोर्समधून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं, मिग-२१ शिवाय दुसरं काही आणणं हा अपमान आहे. कुणाचा, ते त्यांनी सांगितलं नाही. "१९६३ ला आलं आणि २०२५ च्या सप्टेंबरात रिटायर झालं. बासष्ट वर्षं सर्व्हिस! तुमच्या ऑफिसात आहे का कुणी?" ऑफिसात आहेत एक-दोन, पण ते उडत नाहीत. मिग मिळालं नाही तर मरुत आणा, असा काकांचा दुसरा हुकूम. आपल्या देशात बनलेलं जेट, १९६१ ला उडालं, वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरच्या आवारात उभं आहे, जाऊन बघा. बघून आलो. छान आहे. दुकानात मरुत म्हटल्यावर माणसाने मला हनुमानाच्या मूर्तींचं दुकान दाखवलं.

आईचं एकच मत. "लढाईचं नको रे मुलाच्या हातात. माणसं बसतात ते आण."

आणि चिरंजीव? तो म्हणाला, "बाबा, आपल्यावरून जातं ते."

इथेच प्रकरण मिटायला हवं होतं. पण मी रात्री मोबाइल घेऊन बसलो आणि मोजमापाच्या खड्ड्यात पडलो. प्रत्येक खोक्यावर १/७२, १/४८, १/१४४ असलं काहीतरी लिहिलेलं. मी सरळ हिशोब केला, एकशे चव्वेचाळीस हा मोठा आकडा, म्हणजे ते मोठं विमान. शिवाय ते स्वस्तही दिसत होतं. मोठं आणि स्वस्त! मी तर बटण दाबणारच होतो.

"बाबा, छेद मोठा असला की अपूर्णांक लहान होतो," मागून आवाज आला. "कालच शिकवलं बाईंनी."

मग त्यानेच मला समजावलं. १/७२ म्हणजे सहा फुटांचा माणूस बरोब्बर एक इंच. १/१४४ म्हणजे अर्धा इंच. त्या मापात ए-३२० भरतं २६ सेंटिमीटर, शाळेच्या फुटपट्टीपेक्षा थोडं कमी. तेच विमान १/७२ मध्ये काढलं तर अर्ध्या मीटरच्या वर जाईल, आणि मग घरात एक तर ते राहील नाहीतर मी. हे शेवटचं वाक्य बायकोचं.

क्रॉफर्ड मार्केटच्या गल्ल्यांतून फिरलो. तिथे विमानं ढिगाने आहेत, पण सगळी आधीच जोडलेली. रिमोटवाली, दिवे लागणारी, जमिनीवरच गोल गोल फिरत गाणी म्हणणारी. शेवटी फोर्टमधल्या एका जुन्या दुकानाचा पत्ता लागला. काउंटरमागे एक म्हातारे गृहस्थ, नाकाच्या टोकावर चष्मा.

"पहिलंच?"

"पहिलंच."

"मुलाचं की तुमचं?"

मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. त्यांनी कपाटातून एक लहान खोका काढला. एकपंखी लढाऊ विमान, मोजके तुकडे, आतच गोंद, रंगाच्या डब्या आणि ब्रश. "हे न्या. दोन पंखांचं, मध्ये खांब आणि तारा असलेलं पहिल्यांदा कधीच नेऊ नका. सगळे खांब एकदम बसायला लागतात, एक बसवला की दुसरा निसटतो. ह्याला हिरवा-तपकिरी रंग द्यायचा, चुकलं तरी लपतं. शिस्तीत दोन रविवारात होईल."

"प्रवासी विमान नाही का?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. आमच्या लग्नात भटजींनी बायकोच्या वडिलांकडे असंच पाहिलं होतं. "आहे. पण ते दिसतं तेवढं सोपं नाही. लांबलचक नळी, वरून पांढरी. पांढऱ्यावर सगळं दिसतं, सांधा दिसतो, बोट दिसतं, केस दिसतो. आणि डब्यात नुसतं प्लॅस्टिक आहे. गोंद, रंग, थिनर, पॉलिश पेपर, सगळं वेगळं."

मी चिरंजीवांकडे पाहिलं. तो प्रवासी विमानाच्या खोक्यावरच्या चित्राची चाकं मोजत होता. "सहा," तो म्हणाला, आणि मी पैसे काढले. बाकीच्या वस्तू किटपेक्षा महाग पडल्या.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर पेपर पसरला. तुकडे प्लॅस्टिकच्या चौकटीला लगडलेले असतात, शेवग्याला शेंगा लागाव्यात तसे, आणि प्रत्येकाला नंबर. ते तोडायचे नसतात, कापायचे असतात. कापायला आम्ही नेलकटर घेतलं. ते बायकोचं होतं हे दुसऱ्या तुकड्याला कळलं.

आता गोंदाबद्दल. हा आपला डिंक नव्हे. हा प्लॅस्टिक वितळवतो. दोन्ही कडा थोड्या विरघळतात आणि एकमेकींत मिसळून सुकतात. म्हणजे एकदा चिकटलं की मतभेदाला जागा नाही. थेंबभर लावायचा असतो. मी नळी दाबली. गोंद सांध्यातून बाहेर आला, तो पुसायला मी अंगठा टेकवला, आणि उचलला तेव्हा विमानाच्या पाठीवर, बरोब्बर पंखांच्या वर, माझ्या अंगठ्याची एकूण एक रेष उमटलेली होती. आधार केंद्रावर तीनदा प्रयत्न करूनही ह्याच अंगठ्याचा ठसा आला नव्हता.

समोरची काच लावताना मी शहाणपणा केला. हा गोंद काचेवर ओघळला तर काच गेली, असं वाचलं होतं, म्हणून घरातला एका थेंबात चिकटणारा गोंद वापरला. तासाभरात काचेवर पांढरी वाफ धरली. तिच्यामुळे पायलटला मोतीबिंदू झाला. आई लांबून म्हणाली, "बिचाऱ्याला दिसत असेल का रे?"

खिडक्या मात्र रंगवायच्या नव्हत्या, त्यांची चित्रं होती. कागदाचा तुकडा कोमट पाण्यात बुडवायचा, अर्धा मिनिट थांबायचं, मग वरची पातळ पापुद्र्यासारखी पट्टी बोटाने सरकवून विमानावर घ्यायची. हे चिरंजीवांनी केलं. श्वास रोखून, जीभ दातात धरून. पट्टी सरकत आली, बसली, आणि तेवढ्यात डोक्यावरून खरं विमान गेलं, टेबल थरथरलं, पट्टी सातव्या खिडकीनंतर फाटली. त्याने ओल्या ब्रशने दोन्ही तुकडे शक्य तेवढे जवळ आणले. मध्ये एक बोडकी जागा उरली.

"तिथे काय आहे?" मी विचारलं.

"बाथरूम," तो म्हणाला.

संध्याकाळी विमान चाकांवर उभं केलं. ते शांतपणे मागे कललं आणि शेपटीवर बसलं, कुत्रं बसतं तसं. सूचनांचा कागद पुन्हा उघडला. तिसऱ्या चित्रात, दोन अर्ध्या नळ्या जोडायच्या आधी, नाकात एक काळा गोळा काढलेला होता. तो मला छपाईचा डाग वाटला होता. ते वजन होतं. नाकात वजन भरायचं आणि मग नळी बंद करायची.

सोमवारी ऑफिसात ही कथा सांगितली. माहीम कोळीवाड्यातला मित्र म्हणाला, "अरे, जाळ्याला लावतो ती शिशाची मणी आणून देतो, नाकात टाक." मंगळवारी त्याने खरंच मूठभर शिसं आणलं. पण नळी रविवारीच बंद झालेली, आणि वर म्हटलंच आहे, हा गोंद मतभेद ठेवत नाही. शिसं आता माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. सूरमई दिसली की आठवण येते.

मेहुणा बघायला आला, म्हणाला, "स्पिटफायरला हा त्रास नसतो, ते मुळातच शेपटीवर बसतं." काकांनी अंगठ्याकडे पाहिलं आणि एअरफोर्समध्ये ह्याला काय शिक्षा होती ते सांगितलं. मी खोका माळ्यावर टाकायच्या तयारीत होतो.

चिरंजीवांनी मात्र दोरा मागितला. पंखांच्या किंचित पुढे बांधून विमान हॉलच्या कडीला टांगलं. शेपूट जड, म्हणून नाक थोडं वर राहिलं. "उतरताना असंच असतं, बाबा. आधी मागची चाकं टेकतात." मग तो खाली फरशीवर आडवा झाला, म्हणून मीही झालो. खालून पाहिलं तर अंगठा दिसत नव्हता. मोतीबिंदू दिसत नव्हता. बाथरूम नव्हतं. राखाडी पोट, दोन इंजिनं, चाकं. पोटाचा रंग त्याने एकट्याने दिला होता आणि तिथे एकही ओघळ नव्हता.

"बाबा," तो मोजत म्हणाला, "पाच आहेत."

पुढच्या जोडीतलं एक चाक. आकार भिजलेल्या साबुदाण्याएवढा. कापताना नेलकटरमधून टुण्णकन उडालं होतं, दोघांनीही पाहिलं होतं आणि दोघांनाही वाटलं होतं की दुसऱ्याने उचललं.

आता मी मोबाइलचा टॉर्च घेऊन शोकेसच्या खाली पालथा आहे. आतापर्यंत दोन खडूचे तुकडे, एक टिकली आणि एक खरा साबुदाणा सापडला आहे. वरून विमान जातंय, घर थरथरतंय. आवाज ओसरेपर्यंत थांबलो आणि विचारलं, "ह्याला किती होती?"

"सहा," खिडकीतून उत्तर आलं. "नीट शोधा."