कान दुखतो हे सांगायला त्याच्याकडं फोन होता

दुपारपासून राग उतरेना, म्हणून लिहितोय. लांबलंय, पण घरात किंवा शेजारी नीट बोलता न येणारं लेकरू असेल तर शेवटपर्यंत वाचा.

आज एका दवाखान्याच्या ओपीडीत पाहिलेलं. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. एकोणीस वर्षांचा पोरगा, बौद्धिक दिव्यांग, बोलणं चार-पाच शब्दांपुरतं. सकाळपासून डाव्या कानावर चापट्या मारायलाय. आईनं फोन काढून, ज्या चित्रांवर बोट ठेवून तो बोलतो ते पान उघडलं, तर डॉक्टर म्हणाले, "फोन आत ठेवा, तुम्ही सांगा काय होतंय." ती सांगू लागली. "अशी मुलं असंच करतात," म्हणून शांत राहायचं औषध लिहून दिलं आणि पुढचा नंबर. कानात बॅटरी लावून पाहिलंसुद्धा नाही.

अहो, तो फोन म्हणजे त्या पोराचं तोंड होतं! आपण एखाद्या पेशंटला "तोंड बंद ठेवा, तुमच्या आईला बोलू द्या" म्हणतो का? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'संवाद' या शब्दाच्या व्याख्येतच सोपी भाषा आणि बोलण्याला पर्यायी साधनं धरली आहेत. कलम २५ दवाखान्यात तपासणीला आणि उपचाराला प्राधान्य द्या म्हणतं. उपकार कुणी मागत नाहीय.

न बोलणाऱ्या माणसाचं वागणं एकाएकी बदललं की आधी दुखणं शोधायचं. कान, दात, बद्धकोष्ठता, पित्त, लघवीची जळजळ. एवढं तपासून झाल्याशिवाय 'स्वभाव' हा शब्द काढायचाच नाही.

आता साधनांचं. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे ॲप फुकट आहे आणि मराठीत आहे. चित्र दाबलं की फोन बोलतो. पण ॲप टाकलं म्हणजे काम झालं असं नाही, आणि बहुतेक घरं इथंच अडकतात. दुखायला लागल्यावर दवाखान्याच्या बाकावर बसून पहिल्यांदा चित्रं दाखवली तर ते पोरगं काहीच दाबणार नाही. लेकरू बरं असताना, रोज दहा मिनिटं, आधी आपण दाबायचं. जेवताना 'पाणी' म्हणत पाण्यावर बोट ठेवायचं, स्वतःचा गुडघा दुखला तरी तसंच करायचं. ते पाहून पाहून शिकतं. सुरुवातीला चारच चित्रं ठेवा. साठ चित्रं दिली की बोट भरकटतं.

शरीराची छापील आकृती कित्येकांना कळत नाही, तो दुसराच कुणीतरी माणूस वाटतो. त्यापेक्षा त्याचाच उभा फोटो काढा, एक समोरून आणि एक पाठमोरा, अंगात रोजचेच कपडे. त्यावर बोट ठेवणं सोपं जातं. आजच्या पोराच्या फोनमध्ये असाच फोटो होता.

आणि शब्द आपले घाला. 'वेदना होत आहेत' असं आपल्याकडं कोण म्हणतं? दुखायलंय, ठणकतंय, कळ यायलीय, चुरचुरतंय असंच म्हणतात. ठणका वेगळा, चुरचुर वेगळी, आणि डॉक्टरला हा फरक लागतो. ज्या ॲपमध्ये आवाज भरता येतो तिथं बहिणीचा नाहीतर आजीचा आवाज भरा. फोनचाच आवाज वापरणार असाल तर मराठी आवाज आधी उतरवून ठेवा, नाहीतर नेट नसलं की चित्र दाबूनही फोन मुका राहतो.

विचारायचीही रीत आहे. एक ते दहामध्ये किती दुखतंय, हे विचारू नका. हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांतला हसरा चेहरा पुष्कळ जण आवडतो म्हणून दाबतात. अनेकांना प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणायची सवय असते, म्हणून उलटून विचारा. "कान दुखतोय का?" आणि थोड्या वेळानं "कान बरा आहे का?" दोन्हीला 'हो' आलं तर ते उत्तर धरू नका. काही जण कायम उजवीकडचंच चित्र दाबतात, तेव्हा जागा बदलून पुन्हा विचारा. प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजा, मध्ये बोलू नका. 'नको', 'थांबा' आणि 'माहीत नाही' ही बटणं ठेवाच. 'कधीपासून' असं विचारू नका, 'बाजाराच्या आधी का नंतर' असं विचारा.

डॉक्टरांपुढं रांग असते, कबूल. दहा आकडे मोजायलाही त्यांना वेळ नसतो. पण बॅटरी लावायला किती वेळ लागतो?

म्हणून फोनच्या जोडीला एक कागद हवाच. एका पानावर मोठ्या अक्षरात, वरपासून या क्रमानं: तो कसा बोलतो, झटके येतात का, शेवटचा कधी आला, चालू गोळ्या आणि त्यांचे डोस, कशाची ॲलर्जी, गिळायला त्रास आहे का, बरा असताना कसा असतो, दुखताना काय करतो, हात लावलेला चालतो का. लॅमिनेट करून घ्या. फोनचं चार्जिंग संपलं, काच फुटली, उन्हात स्क्रीन दिसेना झाली, तरी हा कागद चालतो. झटक्याचा किंवा वेगळ्या वागण्याचा तीस सेकंदांचा व्हिडिओ तारखेसकट फोनमध्ये ठेवा. फक्त तो ग्रुपवर फिरवू नका. लेकराची अब्रू आहे ती.

बीडकडच्या ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना तर हे सगळ्यात जास्त लागतं. दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन निघालं की कोल्हापूर-सांगलीकडं डॉक्टर नवा, गाव नवं, आणि सगळी माहिती एकट्या आईच्या डोक्यात. तीच आजारी पडली तर?

पुन्हा त्या पोराकडंच मन जातंय. बाहेर व्हरांड्यात आईनं फोन परत त्याच्या मांडीवर ठेवला. त्यानं स्वतःच्या फोटोवर डाव्या कानावर बोट ठेवलं, मग 'ठणकतंय'वर. तीन वेळा. माय नुसती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

सोमवारी ती कानाच्या डॉक्टरकडं जाणार आहे. कागद तयार केलाय, पहिल्याच ओळीत लिहिलंय: "हा फोनवरून बोलतो, कृपया त्याला विचारा." कोऱ्या कागदाचा नमुना ज्यांना हवा त्यांनी इनबॉक्समध्ये सांगा, पाठवतो.