पूर ओसरला, पण प्लास्टिक गेलं कुठे?

नाशिकला गोदावरीचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की फोटोंच्या मागोमाग एक मेसेज हमखास येतो: "गोदामाई स्वतःला धुऊन घेते. पूर सगळं प्लास्टिक समुद्राला नेतो, उरलेलं तरंगतं ते जाळीनं निघतं आणि बारीक झालेलं मातीत विरतं." यंदा तो तीन ग्रुपवर आला, त्यात एकदा सख्ख्या मावशीकडून. तिला फोनवर सांगून झालं, आता इथे.

पुराचं म्हणणं अर्धं खरं आहे. इंग्लंडमध्ये मँचेस्टरभोवतीच्या नद्यांचा गाळ संशोधकांनी मोठ्या पुराआधी आणि नंतर तपासला; २०१८ साली ते प्रसिद्ध झालं. तळातले सुमारे ७० टक्के सूक्ष्म प्लास्टिककण वाहून गेले होते. पण तिथून समुद्र हाकेवर. आपली गंगा, म्हणजे गोदावरी, पार बंगालच्या उपसागरापर्यंत जाते, आणि वाटेत आधी नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा लागतो. पाणी संथ झालं की गाळ बसतो, गाळाबरोबर कणही. महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलेलं राज्यातलं पहिलं पाणथळ ते हेच. पुढे सुटलं ते जायकवाडीत, जिथलं पाणी छत्रपती संभाजीनगर पितं. पाण्याच्या थेंबाथेंबासाठी आपण मराठवाड्याशी कोर्टात भांडतो. हे कण मात्र बिनबोभाट सोडतो.

तरंगण्याचं घरीच करून बघा. पाण्याच्या रिकाम्या बाटलीचा नखाएवढा तुकडा कापा, एक झाकणाचा कापा, दोन्ही बादलीत बोटानं बुडवा. झाकणाचा वर येतो, बाटलीचा तळाशी बसतो. बाटलीचं पेट प्लास्टिक पाण्यापेक्षा जड असतं, आणि पॉलिस्टरची साडी म्हणजे तेच प्लास्टिक धाग्याच्या रूपात. धुताना सुटणारे ते तंतू केसाहून बारीक. पानवेली काढणाऱ्या जाळीत ते कसे अडकणार? तरंगणाऱ्या तुकड्यांवरही शेवाळाचा थर चढला की तेही बुडतात.

राहिलं विरणं. दिंडोरीला मामांच्या टोमॅटोच्या प्लॉटात हंगाम संपल्यावर मी मल्चिंग पेपर, म्हणजे वाफ्यावर अंथरलेला प्लास्टिकचा कागद, ओढायला गेलो. मातीत दाबलेली कड अख्खी निघाली, उन्हातल्या भागाचा बोटांत चुरा झाला. मामा म्हणाले, "बघ, विरला की!" विरला नव्हता. उन्हातल्या अतिनील किरणांनी तो ठिसूळ झाला होता, इतकंच. ५ मिलिमीटरहून लहान तुकडा म्हणजे मायक्रोप्लास्टिक. मीठ पाण्यात विरघळतं तसं ते कुठेच विरघळत नाही. रोटाव्हेटर त्याचे आणखी तुकडे करतो, आणि गांडुळं ते बिळांतून खाली नेतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे.

मामांनी यंदा पेपर हातानं गुंडाळून काढला. तरी पहिल्या पावसानंतर सरीत चंदेरी टिकल्या चमकत होत्या. त्या शिवारातला ओढा कादवा नदीला मिळतो, आणि कादवा गोदावरीला मिळते ती नांदूरमध्यमेश्वरलाच.