मुलांना फसलेला प्रयोग दाखवाच

बेळगावच्या टिळकवाडीत शिक्षक असलेल्या माझ्या आतेभावाने मला परवा एका वादात ओढले. फसलेल्या प्रयोगावरचा एक विज्ञान-थरारपट शाळेत दाखवावा की नाही, यावरून तिथल्या पालकांत दोन तट पडले आहेत. चित्रपटातला शास्त्रज्ञ भूमिगत बोगद्यात गुपचूप कणांची टक्कर घडवतो, यंत्र हाताबाहेर जाते आणि वरचे गाव नाहीसे होते. अशाने मुले विज्ञानाची धास्ती घेतील, असे एका तटाचे म्हणणे. निसर्गात ढवळाढवळ केली की असेच व्हायचे, असे दुसऱ्याचे. "दादा, तू तर त्या बोगद्याच्या डोक्यावरच राहतोस, तूच सांग," असे त्याने लिहिले. मला दोन्ही तटांचा राग आला, कारण प्रयोग खरोखर कसा फसतो, हे पाहण्याची तयारी दोघांचीही नाही.

जिनिव्हाहून निघणारी १८ नंबरची ट्राम जिथे संपते, तिथून माझे घर जवळ आहे. आमच्या शेताशिवारांखाली सुमारे शंभर मीटरवर २७ किलोमीटर परिघाचा बोगदा फ्रान्स आणि स्वित्झर्लंडची सीमा ओलांडून जातो. तो सर्न या युरोपीय अणुसंशोधन संस्थेचा. सप्टेंबर २००८ मध्ये त्यातले कणांची टक्कर घडवणारे 'लार्ज हेड्रॉन कोलायडर' हे यंत्र सुरू झाले, तेव्हा आपल्याकडच्या वाहिन्यांवर जगबुडीची चर्चा रंगली होती. त्या यंत्रातल्या टकरींहून कितीतरी जास्त ऊर्जेचे, अवकाशातून येणारे वैश्विक किरण अब्जावधी वर्षे पृथ्वीवर आदळत आहेत, हे ऐकून घ्यायला कोणाला सवड नव्हती.

प्रयोग फसला, पण वेगळ्याच कारणाने. १९ सप्टेंबरला चाचणीसाठी विद्युतप्रवाह वाढवत असताना दोन चुंबकांमधल्या एका सदोष जोडाने दगा दिला. तिथे ठिणगी पडून चुंबकांना थंड ठेवणाऱ्या हेलियमच्या आवरणाला भोक पडले, कित्येक टन हेलियम बाहेर आला आणि त्याच्या दाबाने अवजड चुंबक बैठकीवरून सरकले. ५३ चुंबक वर काढावे लागले आणि कणांचे झोत पुन्हा फिरायला नोव्हेंबर २००९ उजाडला. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत हात काळे केलेल्या माणसाला सदोष जोड म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. महत्त्वाचे हे की, जोड कुठला आणि काय घडले, याचा प्राथमिक अहवाल महिनाभरात जगासमोर ठेवला गेला.

चित्रपट लटका पडतो तो इथे. त्यात सगळे एका माणसाच्या मुठीत असते आणि त्याला जाब विचारणारे कोणीच नसते. मुलांना तो जरूर दाखवावा आणि नंतर वर्गात विचारावे की, या माणसाला कोण, कधी आणि कसे अडवू शकले असते.

हा प्रश्न आपल्याकडे परका नाही. शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात कैगाचा अणुवीज प्रकल्प आहे. १९९४ मध्ये बांधकाम चालू असताना तिथल्या पहिल्या अणुभट्टीच्या घुमटाचे आतले काँक्रीट कोसळले. घुमट पुन्हा उभा राहिला आणि त्याच भट्टीने २०१८ अखेर सलग ९६२ दिवस चालण्याचा जागतिक विक्रम केला. विक्रमाचा अभिमान मलाही आहे, पण घुमटाची गोष्ट सांगितल्याशिवाय तो अर्धाच राहतो. कन्नड साहित्यिक शिवराम कारंतांनी या प्रकल्पाला विरोध म्हणून १९८९ मध्ये लोकसभेची निवडणूक लढवली होती. आमच्या घरी मात्र तो कानडी लोकांचा प्रश्न समजला जाई. कारवार आमचे, असे म्हणताना आमचा आवाज चढे. कारवारजवळच्या अणुभट्टीबद्दल आमच्यापैकी कोणी चकार शब्द काढला नाही.

इथे जिनिव्हाजवळ आता सुमारे ९१ किलोमीटर परिघाच्या नव्या यंत्राचा प्रस्ताव आहे. त्याच्या माहितीसभेला मी गेलो होतो. खोदाईची माती कुठे टाकणार, वीज किती लागणार, शेतजमीन किती जाणार, असे शेतकरी एकामागून एक विचारत होते आणि अभियंते उत्तरे देत होते. अशी सभा सीमाभागात मी कधी पाहिली नाही, हे आतेभावाला मी जरा तोऱ्यातच कळवले. त्याला जे लिहिले नाही, ते असे की, ध्वनिक्षेपक माझ्याजवळ आला तेव्हा मी तो तसाच पुढे दिला. मला फ्रेंच येते आणि प्रश्नही तयार होता. पण त्या जमिनीबद्दल बोलण्याचा अधिकार आपला आहे, असे मला आतून वाटेना. हीच सभा बेळगावजवळच्या खानापुरात असती, तर मी मराठीत बोललो असतो आणि अधिकाऱ्यांना कळले नसते, तर तोच प्रश्न कानडीत पुन्हा विचारला असता.